मदरशिपवर खलाशीही असतात : पश्चिम नौदल कमांड आणि डीजी शिपिंगला खुलं पत्र

प्रति,
मा. फ्लॅग ऑफिसर कमांडिंग-इन-चीफ, पश्चिम नौदल कमांड, मुंबई
आणि
मा. नौवहन महासंचालक, मुंबई

सप्रेम नमस्कार,

पत्र लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवतो. मी रत्नागिरीकडचा, मर्चंट नेव्हीत डेक साइडला नोकरी केली, आता घरी असतो. सोमालियाच्या चाच्यांमुळे बदनाम गल्फ ऑफ एडनमधून जहाज काढायचं म्हणजे काय असतं ते बघितलंय. रेलिंगला रेझर वायर गुंडाळायची, फायर होज बाहेर तोंड करून बांधायचे, रात्री दिवे बंद, ब्रिज विंगवर बॉयलरसूट घातलेली बुजगावणी उभी करायची म्हणजे लांबून वाटावं की माणसं पहाऱ्यावर आहेत, आणि खाली इंजिन रूमजवळ सिटाडेल, म्हणजे चाचे चढलेच तर सगळ्यांनी आत जाऊन दार लावून घ्यायची पोलादी खोली, तिच्यात पाणी बिस्किटं आणि सॅटफोन. तेव्हा क्षितिजावर राखाडी रंगाचं नौदलाचं जहाज दिसलं की बरं वाटायचं, मग झेंडा कुणाचा का असेना. त्यामुळे हे पत्र नौदलाच्या विरोधात आहे असं वाचून कुणी भडकणार असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा आणि मग भडका.

लिहायचं कारण असं की मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने चाच्यांनी पळवलेली एमव्ही रुएन सोडवली तेव्हापासून आजपर्यंत चाच्यांचा विषय निघाला की आपल्या लोकांचं एकच सुरू होतं, पकडता कशाला, बुडवून टाका, तळोज्याच्या जेलमध्ये बिर्याणी कशाला खायला घालता. ग्रुपवर पन्नास लोक असतील तर पंचेचाळीस हेच लिहितात, आणि त्यातले निम्मे माझ्याच ओळखीचे, चांगले शिकलेले. मला भीती अशी वाटते की असं रोज ऐकून ऐकून उद्या तुमच्याकडच्या एखाद्या तरुण ऑफिसरलाही वाटायला लागेल की लोकांना हेच हवंय.

आणि गंमत म्हणजे रुएनमध्ये तुम्ही नेमकं ह्याच्या उलट केलंत, म्हणूनच ती मोहीम एवढी भारी झाली. ते जहाज १४ डिसेंबर २०२३ ला पळवलेलं, माल्टाचा झेंडा, मालक बल्गेरियन. तीन महिने चाच्यांच्या ताब्यात. भारताच्या किनाऱ्यापासून २६०० किलोमीटरवर कोलकाताने गाठलं, चाच्यांनी तुमचा ड्रोन पाडला, जहाजावर गोळ्या झाडल्या, म्हणजे स्वसंरक्षणात हवं ते करायला कारण मिळालेलं होतं. कोलकातासारख्या डिस्ट्रॉयरला ते जहाज तळाला घालवायला किती वेळ लागला असता? पण तुम्ही मोजून मापून गोळ्या घातल्या, स्टीअरिंग आणि नॅव्हिगेशन निकामी केलं, जहाज जागेवर थांबवलं, सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो बोटींसकट समुद्रात उतरवले, आणि चाळीस तास दम धरलात. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप, कुणाला खरचटलंही नाही. चाळीस तास! हे ज्याने डेकवर वॉच केलाय त्याला कळेल काय चीज आहे. ह्या मोहिमेतलं मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, जे करता येत होतं आणि तुम्ही केलं नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. बाहेरच्या लोकांना मदरशिप म्हटलं की वाटतं चाच्यांचं स्वतःचं काहीतरी मोठं जहाज असेल, काळा झेंडा वगैरे लावलेलं. तसं काही नसतं हो. चाच्यांकडे स्वतःचं काय असतं तर स्किफ, म्हणजे फायबरची लांबट बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, त्यात पाच सहा माणसं, एके-४७, एखादा आरपीजी, आकडा लावलेली शिडी. ती स्किफ किनाऱ्यापासून लांब जाऊच शकत नाही, डिझेल पुरत नाही, पाणी पुरत नाही. मग ते काय करतात तर किनाऱ्याजवळ एखादा मासेमारी ट्रॉलर नाहीतर धाव म्हणजे आपल्याकडचं लाकडी वाहन पळवतात, त्यावरच्या माणसांसकट, आणि त्यावर स्किफ लादून हजार मैल आत येतात. इंजिन चालवायला तोच ड्रायव्हर, दिशा दाखवायला तोच तांडेल, भात शिजवायला तोच भंडारी, फक्त डोक्याला बंदूक.

हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्याच रेकॉर्डला आहे. २०११ साली लक्षद्वीपच्या बाजूला तुम्ही आणि कोस्ट गार्डनं एकामागोमाग ज्या मदरशिप गाठल्या त्या बघा. प्रांतलाय १४ आणि प्रांतलाय ११ हे थाई मासेमारी ट्रॉलर. पहिल्यातून २० मासेमार वाचवले, दुसऱ्यातून २४. मार्चमध्ये वेगा ५, मोझांबिकची मासेमारी बोट, ६१ चाचे पकडले, १३ खलाशी वाचवले. मग इराणी ट्रॉलर मोर्तेझा, १६ चाचे, १६ खलाशी. २०२४ मध्ये अल-कंबर, इराणी मासेमारी बोट, नऊ चाचे आणि २३ पाकिस्तानी मासेमार, तेही आपल्या नौदलानं सोडवले आणि त्याबद्दल मनापासून सलाम. म्हणजे दरवेळी आत कोण निघालं? कोळी. गरीब, दुसऱ्या देशाचा, पगारासाठी आलेला, जाळी ओढणारा माणूस.

आणि आता जे बोलायचंय ते बोलतो. १८ नोव्हेंबर २००८.

आयएनएस तबर. त्याच्या आठवडाभर आधी, ११ तारखेला, ह्याच तबरने आपल्या मुंबईच्याच कंपनीचं जग अर्णव आणि सौदीचं तिहामा अशी दोन जहाजं चाच्यांपासून वाचवली होती, देशभर कौतुक चाललेलं, योग्यच होतं. १८ ला संध्याकाळी ओमानच्या सलालाहपासून नैर्ऋत्येला २८५ सागरी मैलांवर तबरला एक जहाज दिसलं, मदरशिपच्या वर्णनाशी जुळणारं, डेकवर बंदुका आणि रॉकेट लाँचर घेतलेली माणसं. थांबा म्हटलं तर तिकडून धमकी, जवळ आलात तर उडवून देऊ, आणि मग गोळीबार. तबरने उत्तर दिलं. जहाजाला आग लागली, स्फोट झाले, बुडालं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे बातमी, भारतीय नौदलानं चाच्यांची मदरशिप बुडवली. मला आठवतंय जहाजावर आमच्या मेसमध्ये टाळ्या वाजल्या होत्या.

मग आठवड्याभरात क्वालालंपूरच्या इंटरनॅशनल मेरिटाइम ब्युरोनं (आयएमबी) सांगितलं की ते जहाज म्हणजे एकावत नावा ५, थायलंडचा मासेमारी ट्रॉलर, त्याच दिवशी आधी चाच्यांनी पळवलेला. आत १६ जणांचा क्रू होता. एक मेलेला सापडला, १४ बेपत्ता, आणि एक कंबोडियाचा खलाशी समुद्रात दिवसचे दिवस तरंगत राहून वाचला. तोच वाचला म्हणून जगाला कळलं तरी. तो नसता तर आजही ती एक यशस्वी कारवाई म्हणूनच यादीत असती.

नौदल आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं की आमच्यावर गोळीबार झाला, आम्ही स्वसंरक्षणात उत्तर दिलं, आणि ते जहाज चाच्यांच्याच ताब्यात होतं. मी ह्यातलं काहीच खोटं मानत नाही. अंधार पडत आलेला, समोरचा माणूस आरपीजी खांद्यावर घेऊन उभा, कॅप्टनवर आपल्या जहाजावरच्या सगळ्यांची जबाबदारी, त्या क्षणी त्याच्या जागी बसून निर्णय घ्यायचा तर मीही वेगळं काही केलं असतं असं छातीठोक सांगत नाही. आयएमबीनंसुद्धा नौदलाला दोष दिला नव्हता, दुःखद घटना म्हणाले होते. प्रश्न त्या कॅप्टनचा नाहीच, प्रश्न त्यानंतर आपण सगळ्यांनी काय केलं त्याचा आहे. आणि आपण काही केलं नाही, कारण ही बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी, दोन दिवसांत म्हणा, २६/११ झालं. मग कुणाला थाई मासेमार आठवणार.

आता कुणी म्हणेल युद्धासारखी परिस्थिती असते, होतं असं. पण कल्पना करा दरोडेखोरांनी चिपळूणची एसटी पळवली, पॅसेंजर आतच, आणि त्याच गाडीतून फिरत पुढचे दरोडे घालतायत, आणि पोलिसांनी ती एसटी पेटवून दिली. दुसऱ्या दिवशी पेपरात काय हेडिंग येईल? दरोडेखोरांची गाडी जाळली असं येईल का? समुद्रात मात्र येतं, कारण तिथे पॅसेंजरचे नातेवाईक डेपोत येऊन बसत नाहीत.

कायद्याचं थोडं बोलतो, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. यूएनच्या समुद्र कायद्यात कलम १०३ प्रमाणे जहाज ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा इरादा चाचेगिरीचा असेल तर ते चाच्यांचं जहाज. म्हणजे पळवलेला थाई ट्रॉलर कायद्यानं चाच्यांचं जहाज झालाच. पण लगेच पुढचं कलम १०४ सांगतं की त्याचं मूळ राष्ट्रीयत्व तसंच राहू शकतं. कलम १०५ तुम्हाला जहाज जप्त करायचा, माणसं अटक करायचा हक्क देतं. बुडवायचा म्हणत नाही. आणि बळ किती वापरायचं ह्यावर १९९९ मध्ये हॅम्बुर्गच्या समुद्र न्यायालयानं सायगा नावाच्या टँकरच्या केसमध्ये स्वच्छ सांगून ठेवलंय, गिनीच्या गस्ती बोटीनं त्यावर गोळीबार केला होता, त्यात दोघं जखमी झाले होते. शक्यतो बळ टाळा, टळत नसेल तर गरजेपुरतंच, आधी खुणेनं आवाजानं थांबवा, मग जहाजाच्या पुढून गोळी टाका, आणि अगदी शेवटी बळ वापरलंत तरी माणसाचा जीव जाऊ नये ह्यासाठी सगळे प्रयत्न करा. बरं ही केस चाच्यांची नव्हती, साध्या टँकरची होती, पण तत्त्व तेच लागू होतं, उलट जिथे आत ओलीस आहेत तिथे जास्तच लागू व्हायला हवं.

आता जरा उलटं बघू. १५ फेब्रुवारी २०१२, केरळच्या किनाऱ्यापासून साधारण २० सागरी मैलांवर सेंट अँटनी नावाची बोट मासेमारी करून येत होती. जवळून एनरिका लेक्सी हा इटालियन टँकर चाललेला, त्यावर इटालियन नौदलाचे सैनिक पहाऱ्याला. त्यांना वाटलं चाचे. गोळ्या झाडल्या, आपले दोन मच्छीमार गेले. मग आपण काय केलं? त्या सैनिकांना धरलं, इटलीशी भांडलो, राजदूतापर्यंत प्रकरण गेलं, हेगच्या लवादात लढलो, २०२० मध्ये लवादानं सांगितलं सैनिकांना इम्युनिटी आहे पण नुकसानभरपाई द्या, आणि जून २०२१ मध्ये १० कोटी रुपये जमा झाल्यावर सुप्रीम कोर्टानं भारतातली केस बंद केली, चार चार कोटी दोन्ही कुटुंबांना, दोन कोटी बोटमालकाला. नऊ वर्षं. आणि बरोबर केलं. आपल्या माणसाला चाचा समजून मारलंत तर तुम्हाला जाब द्यावा लागेल, हे भारतानं जगाला ठणकावून सांगितलं.

मग तोच न्याय एकावत नावा ५ ला का नाही? इटलीचे सैनिकसुद्धा हेच म्हणत होते ना, आम्हाला धोका वाटला, आम्ही बचावासाठी गोळी झाडली. फरक आहे, मला माहितीये, तबरसमोर खरेच चाचे होते आणि सेंट अँटनीवर एकही नव्हता, हा फरक छोटा नाही. पण मेलेल्या कोळ्याच्या बायकोला तो फरक समजावून सांगायला कोण जाणार? सेंट अँटनीवरच्या दोघांसाठी जे मागितलं ते थायलंडच्या १५ जणांसाठी कुणी आपल्याकडे मागितलं तर आपण काय उत्तर देणार, एवढंच मला विचारायचंय.

कोकणातल्या लोकांना हे लांबचं वाटायचं कारणही नाही. २०१० नंतर शिपिंगवाल्यांनी हाय रिस्क एरियाची, म्हणजे चाच्यांचा धोका मानलेल्या समुद्राच्या पट्ट्याची, पूर्वेची हद्द ७८ अंश रेखांशापर्यंत आणून ठेवली होती. नकाशा काढून बघा, म्हणजे आपला अख्खा पश्चिम किनारा त्यात, वेंगुर्ले, मालवण, रत्नागिरी, दाभोळ, सगळं. मालवणचा कोळी घरासमोरच्या समुद्रात जाळं टाकतोय आणि शेजारून जाणाऱ्या परदेशी जहाजावरचा बंदूकवाला गार्ड त्याच्याकडे दुर्बिणीतून बघतोय हा कोण येतोय म्हणून. आणि आपले लोक जहाजाच्या जवळ जातातच, जाळं वाचवायला जातात, हातवारे करतात, ओरडतात, बॅटरी मारतात, की बाबा बाजूने जा, लाखाचं जाळं कापलं जाईल. ब्रिजवरून बघणाऱ्याला ते चालून आल्यासारखंच दिसतं. भारतानं मागे लागून लागून १ डिसेंबर २०१५ पासून ती हद्द ६५ अंशावर नेऊन घेतली, ह्यात डीजी शिपिंगचं काम मोठं आहे, आणि लोकांना ते माहितही नाही. पुढे १ जानेवारी २०२३ पासून तो हाय रिस्क एरियाच काढून टाकला, आणि वर्ष संपायच्या आत रुएन पळवली गेली, असो.

हां, आता एक अवघड उदाहरण, ते टाळून पुढे गेलो तर तुम्हीच म्हणाल सोयीचं तेवढं लिहिलंय. कुबेर. पोरबंदरची मासेमारी बोट. २६/११ चे अतिरेकी त्याच्यावरून आले. खलाशांना आधीच मारलं, तांडेलाला मुंबईपर्यंत वाट दाखवायला जिवंत ठेवलं आणि मुंबई दिसल्यावर त्यालाही मारलं. समजा कुबेर वाटेत नौदलाला सापडली असती आणि थांबत नसती, तर? माझं उत्तर स्पष्ट आहे. थांबवायलाच हवी होती, तांडेल आत असतानाही, आणि त्यात तो गेला असता तर ते पाप त्या दहा जणांच्या डोक्यावर. कारण पलीकडे शेकडो माणसांचा जीव होता आणि वेळ काही तासांचा. पण सलालाहपासून २८५ मैलांवर उभी असलेली मदरशिप म्हणजे कुबेर नाही. ती कुठे जाणार होती? पाठलाग करता आला असता, सकाळपर्यंत लांबून नजर ठेवता आली असती, रुएनला ठेवलीच की. चाच्याला पैसे हवे असतात, त्याला ओलीस जिवंत हवा असतो, आणि ह्याच कारणानं तुमच्या हातात वेळ असतो. अतिरेक्याच्या बाबतीत तो नसतो. दोघांना एकाच मापानं मोजणारे लोक मला समजत नाहीत, दोन्ही बाजूंचे.

दुसऱ्या बाजूचे म्हणजे कोण तर सोमालियाच्या कोळ्यांचे मासे परदेशी ट्रॉलरनी लुटले, १९९१ नंतर तिथे सरकारच उरलं नाही, म्हणून बिचारे चाचे झाले, असं सांगणारे. कारण म्हणून खरंच आहे ते, सुरुवात तशीच झाली. पण ओलीस धरलेल्या फिलिपिनो ऑइलरनं, म्हणजे इंजिन रूममधल्या खलाशानं, त्यांचा एकही मासा खाल्लेला नसतो. आणि कुणीतरी कान्होजी आंग्र्यांनाही इंग्रज चाचाच म्हणायचे हे काढणारच, त्यांना सांगतो आंग्रे दस्तक देऊन कर घेणारं राज्य चालवत होते, त्यांना सोमालियातल्या गरदच्या खंडणीवाल्यांच्या रांगेत बसवू नका.

बळ वापरूच नका असं मी म्हणत नाहीये हे आता तरी लक्षात आलं असेल. जानेवारी २०११ मध्ये कोरियाच्या कमांडोंनी साम्हो ज्वेलरी जहाजावर चढून आठ चाचे मारले आणि सगळे २१ खलाशी सोडवले. कॅप्टनला गोळ्या लागल्या पण वाचला. त्याच महिन्यात बेलुगा नॉमिनेशन जहाजावर सेशेल्सच्या कोस्ट गार्डनं प्रयत्न केला तो फसला आणि चाच्यांनी सूड म्हणून क्रूमधल्या माणसाला मारून टाकलं. २००९ मध्ये तानित नावाच्या फ्रेंच यॉटवर फ्रेंच कमांडोंनी हल्ला केला, बायको आणि मुलगा वाचले पण यॉटचा मालक गेला, आणि तो फ्रेंच गोळीनंच गेला हे पुढे फ्रान्सच्या संरक्षणमंत्र्यांनी जाहीरपणे मान्य केलं. ह्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे उदाहरण दिलंय. मान्य केल्यानं फ्रान्सचं नौदल काही बुडालं नाही.

आणि बुडवून टाका म्हणणाऱ्यांसाठी अ‍ॅस्फाल्ट व्हेंचर. सप्टेंबर २०१० मध्ये पळवलं, क्रू सगळे भारतीय, १५ जण. एप्रिल २०११ मध्ये मालकानं खंडणी भरली, जहाज सुटलं, आठ जण सुटले आणि सात जणांना ठेवून घेतलं. का? तर भारतानं आमची शंभरावर माणसं पकडून मुंबईत ठेवलीयेत, ती सोडा. ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या शेवटाला सुटले. चार वर्षं! पकडल्याचा एवढा राग, तर पकडून समुद्रात गोळ्या घातल्या असत्या तर त्या सातांचं काय झालं असतं ते तुम्हीच बघा. २०१० मध्ये रशियनांनी मॉस्को युनिव्हर्सिटी टँकर सोडवला, धरलेले दहा चाचे छोट्या बोटीत बसवून किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर सोडून दिले, दिशा दाखवायचं कुठलंही यंत्र न देता, आणि मग ती बोट दिसेनाशी झाली. आपल्याकडे ह्याला मर्दानगी म्हणणारे भेटतात. पण त्या दिवशी सोमालियात कुणाच्या तरी ताब्यात ओलीस असणाऱ्या खलाशाला विचारा की त्याला कसं वाटलं असेल.

खटला चालवणं हेच खरं अवघड काम आहे आणि मुंबईनं ते करून दाखवलंय, हेही कुणी सांगत नाही. १९९९ मध्ये कोस्ट गार्डच्या ताराबाई आणि नौदलाच्या प्रहार ह्या जहाजांनी चाच्यांनी पळवलेली जपानी अलाँड्रा रेनबो पकडली, चाच्यांनी जहाज जाळायचा बुडवायचा प्रयत्न केला तरी वाचवली, इंडोनेशियन चाच्यांना मुंबईच्या कोर्टानं २००३ मध्ये सात वर्षं दिली, आणि २००५ मध्ये हायकोर्टात सुटले कारण आपल्याकडे चाचेगिरीचा धड कायदाच नव्हता. तो संसदेत मंजूर व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं. आता कायदा आहे, जन्मठेप आहे, चाचेगिरी करताना कुणाचा जीव गेला तर फाशीपर्यंत जाता येतं. फाशीबद्दल मला शंका आहे, कारण ब्रिजवर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला कळलं की हात वर केले तरी फासच आहे तर तो हात वर कशाला करेल, ओलिसांना घेऊनच मरेल. रुएनचे ३५ शरण आले ते शरण जाण्यात काहीतरी अर्थ होता म्हणून.

डीजी साहेब, आता तुमच्याकडे येतो. ऑगस्ट २०११ मध्ये तुमच्या ऑफिसनं भारतीय जहाजांवर सशस्त्र गार्ड ठेवायला परवानगी दिली. तेव्हा गरज होती, मीही खूश झालो होतो, गार्ड असलेलं जहाज चाचे सोडून देतात हा सगळ्यांचाच अनुभव. पण नौदलाच्या ऑफिसरच्या मागे कमांड असते, कायदा असतो, कोर्ट मार्शल असतं. प्रायव्हेट गार्डच्या मागे काय असतं? एक कंपनी, जिचं ऑफिस एका देशात, बंदुका तरंगत्या शस्त्रागारात, माणसं तिसऱ्याच देशाची. २०१४ मध्ये एक व्हिडिओ बाहेर आला होता, बघवत नाही, पाण्यात लाकडाला धरून तरंगणाऱ्या माणसांना जहाजावरून एकेक करून गोळ्या घातल्या आणि डेकवरचे लोक नंतर हसत सेल्फी काढतायत. म्हणे चाचे होते. असतील किंवा नसतील, पाण्यात पडलेला माणूस आता कुणाला लुटणार होता? त्या प्रकरणात एका कॅप्टनला तैवानच्या कोर्टानं २०२१ मध्ये शिक्षा दिली, घटनेनंतर कितीतरी वर्षांनी. तेव्हा गार्डनं एक जरी गोळी झाडली, मग हवेत का असेना, तरी मास्टरनं, म्हणजे जहाजाच्या कॅप्टननं, त्याचा रिपोर्ट तुमच्याकडे पाठवायचा, कॅमेऱ्याचं फुटेज आणि व्हीडीआर, म्हणजे आमचा ब्लॅक बॉक्स, राखून ठेवायचा, आणि जवळपास मासेमारी बोटी असतील तर त्या भागाच्या मत्स्य खात्याला कळवायचं, हे सक्तीचं करा आणि न केल्यास लायसन्सला हात घाला. व्हीडीआर तर वेळेत सेव्ह केला नाही तर वरून पुसला जातो, हे समुद्रावरच्या प्रत्येकाला माहिती आहे आणि नेमक्या वेळी प्रत्येकाला विसरायला होतं.

अ‍ॅडमिरल साहेब, तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. तुमचे गोळीबाराचे नियम गुप्त असतात, असायलाच हवेत, ते छापा असं कुणी वेडाच म्हणेल. पण एक वाक्य जाहीर करता येईल, की भारतीय नौदल कुठलीही मदरशिप ही ओलीस असलेलं जहाज आहे असं धरूनच चालेल, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. रुएन, अल-कंबर बघता तुम्ही आत्ताही तसंच वागताय, मग सांगायला काय हरकत आहे? चाच्यांना त्यातून काही नवीन कळणार नाही. खलाशाला मात्र कळेल, आणि पुढच्या कॅप्टनला, जो अजून कदाचित एझिमलाच्या अकादमीत परेड करतोय, त्यालाही कळेल. कारवाईत कुणी मेलं, चाचा असो की ओलीस, तर चौकशी व्हावी आणि तिचा सारांश लोकांसमोर यावा, गुप्त भाग गाळून.

आणि एकावत नावा ५ चं प्रकरण उघडा. कुणाला शिक्षा द्यायला नाही, मला त्या ऑफिसरचं नाव नको आणि शिक्षाही नको. थायलंड सरकारला अधिकृत पत्र लिहा, काय झालं ते सांगा, त्या जहाजात कोण कोण होतं ती यादी आपल्या बाजूनं लिहून ठेवा, आणि घरच्यांना भरपाई द्या. दोष मान्य न करताही देता येते, सरकारं देतात. इटलीकडून १० कोटी घेताना आपल्याला कमीपणा वाटला नाही, तर थायलंडच्या मासेमाराला देताना वाटू नये.

शेवटचं एक राहिलं, डीजी साहेबांसाठीच. मार्च २०१० मध्ये तुम्ही आदेश काढला होता की भारतीय वाहनांनी, म्हणजे धावांनी, सलालाह ते माले ह्या रेषेच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला जायचं नाही, कारण एकामागोमाग आपली वाहनं पळवून चाचे त्यांच्याच मदरशिप करत होते. कच्छ, मांडवीकडच्या खलाशांची रोजीरोटी त्यात गेली, काही जण गुपचूप जातच राहिले, आणि एप्रिल २०१७ मध्ये अल कौसर पळवली गेलीच. आता सोमालियाच्या बाजूला परत हालचाल सुरू झालीये तर तो आदेश परत काढायच्या आधी ह्या लोकांना काहीतरी द्या, निदान ट्रॅकर, निदान एक पॅनिक बटण जे थेट मुंबईच्या रेस्क्यू सेंटरला वाजेल, आणि नौदलाकडे प्रत्येक वाहनाचं नाव, फोटो आणि आत किती माणसं ह्याची यादी. म्हणजे उद्या अंधारात कुणाच्या दुर्बिणीत एखादी मदरशिप आली तर फायरिंगचा हुकूम देण्याआधी त्याच्यासमोर स्क्रीनवर आकडा असेल, आत ११ जण आहेत म्हणून.

कळावे,
आपला,
एक जुना मर्चंट नेव्हीवाला, रत्नागिरी